पुन्हा अंदमान: लग्नाच्या वाढदिवसाची सहल आखताना

"पंचवीस वर्षांपूर्वी हनिमूनला अंदमानला गेलो होतो. यंदा लग्नाचा वाढदिवस तिथंच करायचाय. आम्ही हॅवलॉकचं हॉटेल शोधतोय आणि एजंट स्वराज द्वीपचं सांगतोय. बेट तेच ना?"

बेट तेच. पण या एका प्रश्नामागे इतर अनेक प्रश्न असतात आणि ते मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. मे महिन्यात गेलं तर चालेल का? किती दिवस पुरतील? गुडघे कुरकुरतात, तर बोटीत चढता येईल का? बोट रद्द झाली तर पैसे कोण देणार? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माहितीचा सुकाळ आहे. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यांना अंदमान ठाऊक असतं, पण ते ठाऊक असलेलं अंदमान जुनं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी तुमच्या अंदमानला काय झालं ते पाहा

तुम्ही १९९०च्या दशकात किंवा २००० च्या आसपास गेला असाल, तर मधल्या काळात बरंच बदललं आहे. बुकिंग करताना गोंधळ होऊ नये म्हणून ही नावं टिपून ठेवा:

- हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील आता शहीद द्वीप आणि रॉस आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तिन्ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली.
- माउंट हॅरिएट २०२१ पासून माउंट मणिपूर झाला. जुन्या लाल वीसच्या नोटेमागचं माडांचं आणि दीपगृहाचं चित्र याच डोंगरावरून दिसणाऱ्या देखाव्याचं.
- पोर्ट ब्लेअर शहर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. विमानतळ मात्र वीर सावरकरांच्याच नावाचा. त्याची नवी टर्मिनल इमारत २०२३ मध्ये सुरू झाली.

तिकिटावर जुनं नाव, हॉटेलच्या पावतीवर नवं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी पुन्हा जुनं, असं तुम्हाला सर्रास दिसेल. त्यात फसवणूक नाही. विमानाचं तिकीट काढताना आयएक्सझेड हा विमानतळाचा कोड जुळतो ना, एवढं पाहा.

नावांहून मोठा बदल २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं केला. काही किनारे खचले, काही ठिकाणी समुद्र आत आला. पुढे २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापून प्रवाळांचा मोठा भाग पांढरा पडला. त्यामुळे 'मागच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात रंगीत पोवळी दिसली होती' या आठवणीच्या भरवशावर पैसे भरू नका. चांगली प्रवाळं आजही आहेत. ती नेमकी कुठं दिसतात, हे त्या आठवड्यात पाण्यात उतरणाऱ्या मार्गदर्शकालाच विचारा.

जुन्यातलं एकच निवडा

आमचं लग्न डिसेंबर १९९९ मधलं. हनिमूनला चेन्नईहून जहाजानं गेलो होतो, तीन दिवस वांत्या करत. राधानगरच्या किनाऱ्यावर एका आडव्या वाढलेल्या झाडावर बसून फोटो काढला होता. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा नवरा तो फोटो मोबाइलवर उघडून झाड शोधत निघाला आणि मी मागोमाग. अर्धा किनारा तुडवला, दोन चहावाल्यांना फोटो दाखवला. झाड सापडलं नाही. दमून मागं वळलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. ज्या सूर्यास्तासाठी इतक्या लांब आलो होतो, तो आमच्या पाठीमागे होऊन गेला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. जुन्या सहलीतली एकच गोष्ट पुन्हा करा. एखादा किनारा, एखादं जेवण किंवा एखादा बोटीचा प्रवास. बाकीची सहल आजच्या वयाची, आजच्या तब्येतीची आणि आजच्या समुद्राची असू द्या. बुकिंगआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. मागच्या वेळचं कोणतं एक ठिकाण पुन्हा पाहायचंच आहे?
2. मागच्या वेळी राहून गेलेलं काय करायचं आहे?
3. यावेळी काय अजिबात नको?

मग कागद एकमेकांना दाखवा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत उपयोगी पडतात. एकाला पहाटे तीनला उठून भटकायचं असतं, दुसऱ्याला पहाटे उठायचंच नसतं. हे घरी कळलेलं बरं.

तारीख लग्नाची की समुद्राची?

आपल्याकडे मे महिन्यातली लग्नं अमाप. आणि दर मे महिन्यात आपणच बातमी वाचतो, 'मान्सून अंदमानात दाखल'. ही बातमी साधारण २० ते २२ मेच्या सुमारास येते. आपल्याकडे ती वाचून हायसं वाटतं, पण त्याच दिवशी तिथल्या जेट्टीवर बॅगा घेऊन बोटीची वाट पाहणाऱ्याचं काय होत असेल, याचा विचार करा. तुमचं लग्न १५ मेनंतरचं असेल, तर वाढदिवस घरी साजरा करा आणि सहल पुढे-मागे करा.

- डिसेंबर ते फेब्रुवारी: हवा सुखद, गर्दी आणि दर चढे. डिसेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस अधूनमधून गाठतो.
- फेब्रुवारी ते एप्रिल: समुद्र बहुधा शांत आणि पाणी नितळ. पाण्याखालचं पाहायचं असेल तर हेच दिवस. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो.
- मेचा उत्तरार्ध ते सप्टेंबर: हॉटेलं स्वस्त, पण समुद्र खवळलेला. बोटी आणि पाण्यातले खेळ केव्हाही बंद होऊ शकतात.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. जायचं असेल तर राखीव दिवस जास्त ठेवा.

तारखेबरोबर तिथीही पाहा. कालनिर्णय हाताशी असेलच. शहीद द्वीपावरची खडकांची नैसर्गिक कमान ओहोटीलाच जवळून पाहता येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, म्हणजे तेव्हा पाणी जास्त मागे जातं. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढे सरकते, म्हणून तुमच्या दिवसाची वेळ हॉटेलवाल्याला विचारा. स्वराज द्वीपावर रात्री छोट्या होडीतून चमचमतं पाणी पाहायचं असेल, तर काळोख हवा. ते अमावास्येच्या आसपास छान दिसतं. चांदण्यात किनाऱ्यावर बसायचं असेल तर पौर्णिमा गाठा. दोन्ही एकाच सहलीत जमणार नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच असलं तरी तिथला सूर्य मुंबईच्या सव्वा तासाहून अधिक आधी धावतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. 'चार वाजता चहा घेऊ, मग आरामात राधानगरला निघू' म्हणालात, तर अंधारात पोहोचाल.

दिवस कसे लावाल?

चार रात्रींची पॅकेजं स्वस्त दिसतात, पण त्यांत दमछाक होते. चाळिशी-पन्नाशी पार केलेल्या जोडप्यानं सात रात्री धराव्यात. एक नमुना देते:

1. पहिला दिवस: श्री विजयपुरमला पोहोचा. बहुतेक विमानं चेन्नई, बंगळूरु, कोलकाता किंवा हैदराबादहून जातात, म्हणजे तुमची रात्र अर्धवट झोपेची गेलेली असते. दुपारी विश्रांती, मग सेल्युलर जेल.
2. दुसरा दिवस: सकाळच्या बोटीनं स्वराज द्वीप. संध्याकाळी राधानगर.
3. तिसरा दिवस: पाण्यातला दिवस. स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा.
4. चौथा दिवस: लग्नाचा वाढदिवस. या दिवशी ना बोट, ना गाडी, ना हॉटेल बदलणं.
5. पाचवा दिवस: शहीद द्वीप, तिथंच मुक्काम.
6. सहावा दिवस: बोटीनं परत श्री विजयपुरम.
7. सातवा दिवस: राखीव. सगळं सुरळीत झालं तर रॉस बेट किंवा चॅथमची १८८३ सालची सरकारी लाकूड गिरणी पाहा.
8. आठवा दिवस: विमान.

वाढदिवस मधोमध का? पहिली बोट रद्द झाली तरी तो दिवस वाचतो. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र मोठ्या बेटावरच काढायची, हा नियम मोडू नका. सकाळी स्वराज द्वीपाहून बोट आणि दुपारी विमान, असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर नम्रपणे परत करा.

सेल्युलर जेलबद्दल अनेकजण चाचरत विचारतात की आनंदाच्या सहलीत तिथं जावं का? मराठी माणसाचा पाय तिथं वळणारच. सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं तिथं काढली आणि बाबारावही त्याच तुरुंगात होते. सात पाकळ्यांच्या त्या इमारतीतल्या तीनच आता उरल्या आहेत. माझं म्हणणं इतकंच की तिथं पहिल्या दिवशी जा, वाढदिवशी नको. बाहेर पडल्यावर दोघंही बराच वेळ बोलत नाहीत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा आणि तो हिंदीत की इंग्रजीत, हे पाहून वेळ निवडा.

मागच्या वेळी राहिलेलं आता करायचंय?

- जॉली बॉय: वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. वर्षातले काही महिनेच खुलं असतं, उरलेल्या काळात रेड स्किन बेटावर नेतात. प्लास्टिक नेता येत नाही.
- दिगलीपूर: उत्तर टोकाला. वाळूच्या पट्टीनं जोडलेली रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं आणि हिवाळ्यात कासवांची घरटी. जायला-यायला मिळून किमान तीन दिवस धरा. हे रॉस शहरासमोरच्या रॉसहून वेगळं.
- बाराटांग: चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जावं लागतं. पुढे खारफुटीच्या खाडीतून होडी, मग चाल. पाठ-गुडघ्यांची तक्रार असेल तर दिवस जड जातो. शिवाय 'जारवा दिसतील' असं आमिष जो दाखवेल, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

बोट: इथंच सगळं अडतं

सरकारी फेरी स्वस्त, पण संथ. तिकिटं लवकर संपतात. खासगी वातानुकूलित बोटी स्वराज द्वीपाला साधारण दीड तासात नेतात. दोन्हींसाठी ओळखपत्र लागतं.

- प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी बोट कंपनीला स्वतः फोन करा. वेळ आणि जेट्टी दोन्ही विचारा.
- बंद वातानुकूलित डब्यात काहींना बाहेर बसण्यापेक्षा जास्त मळमळतं. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा समुद्रातच जाते.
- चढताना फळीवरून जावं लागतं. हात रिकामे ठेवा. दोन मोठ्या बॅगांऐवजी पाठीवरच्या दोन लहान बॅगा बऱ्या.
- हवामानामुळे प्रशासनानं फेऱ्या थांबवल्या तर वाद घालू नका, परताव्याचं विचारा.

नावात गफलत नको

अनेक जोडप्यांत बायकोच्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं आणि मुलानं काढलेल्या तिकिटावर तिसरंच काहीतरी असतं. मुंबईच्या विमानतळावर अर्धा तास गेला तर चालतो, जेट्टीवर बोट थांबत नाही. म्हणून एक ओळखपत्र ठरवा आणि विमान, बोट, हॉटेल सगळीकडे त्यावरचंच नाव, त्याच क्रमानं टाका.

भारतीय नागरिकांना नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी परवाना लागत नाही. निकोबारसाठी आणि आदिवासींच्या राखीव क्षेत्रांसाठी वेगळे निर्बंध आहेत. मुलं परदेशातून येऊन तुमच्याबरोबर येणार असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड असेल, तर त्यांना लागू होणारे परवान्याचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा.

तुमच्यापैकी कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल, तर एलटीसीवर अंदमानला विमानानं जाण्याची खास सवलत आहे. तिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवतं. चालू आदेश पाहा आणि तिकीट मान्यताप्राप्त एजंटांकडूनच काढा, नाहीतर बिल अडकतं.

पाण्यात उतरण्याआधी

पंचविशीत ज्या पाण्यात धावत गेलात, त्यात पन्नाशीत चौकशी करून जावं.

- पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर स्कूबाची एक डुबकी मारता येते. मात्र आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. रक्तदाब, दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया लपवू नका. यांतलं काहीही असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घ्या.
- शेवटच्या स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसू नका. शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणूनच वरच्या आखणीत पाण्यातला दिवस लवकर ठेवला आहे.
- खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही दंतकथा नाही. २०१० मध्ये राधानगरजवळ एका अमेरिकन पर्यटक स्त्रीचा मगरीनं जीव घेतला. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि तिन्हीसांजेला पाण्यात जाऊ नका. सूचनाफलक असेल तर तो वाचण्यासाठीच लावला आहे.
- किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माशा चावतात. खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते. खाजवू नका, मलम न्या.
- स्वराज द्वीपावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, श्री विजयपुरमलाच. रोजची औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांत, राखीव दिवसांसकट न्या.

पॅकेज घेताना लेखी काय मागाल?

'सगळं इन्क्लूडेड आहे, ताई' हे वाक्य फोनवर फार गोड वाटतं. या गोष्टी ईमेलवर मागा:

1. प्रत्येक हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार. 'किंवा तत्सम' हे शब्द खोडून घ्या.
2. खोली किनाऱ्याला लागून की रस्त्यापलीकडे? तळमजल्यावर की जिन्यानं वर?
3. बोटीचं नाव, आसनाचा वर्ग आणि कोण रद्द करेल तर किती पैसे परत.
4. 'हनिमून पॅकेज'मधल्या फुलांच्या पलंगाचे आणि मेणबत्तीच्या जेवणाचे पैसे वेगळे किती? नको असेल तर वजा करून घ्या. चार तास किनाऱ्यावर बसल्यावर पलंगभर चिकट पाकळ्या सगळ्यांनाच नको असतात.
5. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री हॉटेलं सक्तीच्या 'गाला डिनर'चे पैसे लावतात. ते दरात धरलेत का?
6. हवामानामुळे बोट बंद झाली आणि एक रात्र जास्त राहावं लागलं, तर कोणता दर?
7. विमानाच्या तिकिटावर मोबाइल नंबर तुमचाच टाकला आहे ना?

हा सातवा मुद्दा किरकोळ वाटेल, पण एजंट बहुधा स्वतःचा नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो, तुम्हाला नाही. आणि प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर विमान कंपनी भरपाई नाकारू शकते.

आणखी एक खोच. मुंबई-चेन्नई आणि चेन्नई-अंदमान ही दोन वेगवेगळी तिकिटं असतील, तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकल्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

रद्द झालं तर तुमचे हक्क काय?

विमान कंपनीनं रद्द केलं तर: पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतली निवड तुमची. वेळेत कळवलं नसेल तर वर भरपाईही. ती उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांब असेल तर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार. या दोहोंतली जी कमी ती रक्कम. वादळ-पावसासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, पण परताव्याचा किंवा पर्यायी विमानाचा हक्क जात नाही.

सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर: पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागा.

तुम्ही रद्द केलं तर: रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळायला हवेत, 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा. ते आपण मागत नाही म्हणून राहतात.

हॉटेल किंवा एजंटनं कबूल केलेलं दिलं नाही तर:

- जागेवरच फोटो काढा आणि तक्रार त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. नुसतं काउंटरवर भांडू नका.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- तरी दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, अंदमानला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.
- हॉटेलच्या बिलात आपोआप लावलेला सेवा-आकार सक्तीचा नाही. काढायला सांगा.

बेटावरून काय आणू नये?

पहिल्या सहलीत आणलेला प्रवाळाचा तुकडा अजून शोकेसमध्ये असेल. यावेळी तसं करू नका. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलला तरी गुन्हा ठरू शकतो आणि विमानतळावर बॅग तपासतात. संरक्षित नसलेलं काही विकत घ्यायचं तर पक्क्या पावतीसह.

जारवांच्या जंगलातून जाताना गाडी थांबवणं, त्यांना खाऊ देणं, फोटो काढणं हे सगळं निषिद्ध आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. मोबाइल बॅगेत ठेवा. वाढदिवसाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन नेण्याचा विचारही परवानगीशिवाय नको.

बॅग भरताना

- थोडी जास्त रोकड. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून ऑप्टिकल केबल आल्यावर इंटरनेट पुष्कळ सुधारलं, तरी खिसा रिकामा ठेवू नका.
- सर्व तिकिटं आणि ओळखपत्रांच्या छापील प्रती, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.
- ओल्या खडकांवर न घसरणाऱ्या चपला. प्रवाळाचा काप लवकर भरत नाही.
- चष्मा वापरत असाल तर जास्तीचा एक. लाट चष्मा नेते, परत आणून देत नाही.

शेवटी, राखीव दिवसाबद्दल

सगळं वाचून झाल्यावर लोक पहिली काट राखीव दिवसावर मारतात. 'नुसतं बसून काय करायचं?' असं म्हणतात. आम्हीही मारली होती. ज्या एजंटकडून पॅकेज घेतलं, त्यानं स्वराज द्वीपाहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान लावलं होतं. पहाटे वारा सुटला, बोट निघाली नाही. दुपारी उशिरा पोहोचलो तेव्हा विमान गेलं होतं. दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटं जेवढ्याला पडली, तेवढ्यात मुंबई-चेन्नई जाऊन-येऊन झालं असतं.

त्या संध्याकाळी करण्यासारखं काहीच नव्हतं. मरीना पार्कच्या कठड्यावर कागदातली गरम भजी घेऊन बसलो. समोर रॉस बेट काळं पडत चाललं होतं. नवऱ्यानं पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला आणि जहाजातल्या त्या तीन दिवसांबद्दल बोलायला लागला. मी कशी बादली धरून बसले होते आणि त्याला वाटलं होतं की आता ही माहेरी निघून जाते. पंचवीस वर्षांत हे त्यानं मला सांगितलं नव्हतं.

तो दिवस आम्हाला दोन विमान तिकिटांना पडला. तुम्ही तो आधीच आखून ठेवा, भज्यांच्या पैशांत होईल.